चांगले खनिज, राखेचा कोळसा : टाटा पोलादाची वाटचाल

१८८२–१९०३ : चांद्याचा डोंगर, वरोऱ्याचा कोळसा

टाटांचा पोलाद कारखाना झारखंडात उभा राहिला, पण त्याचा पहिला विचार झाला तो विदर्भाच्या खनिजाचा. जमशेदजी टाटांना नागपूर नवे नव्हते. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली होती आणि कापसाच्या निमित्ताने मध्य प्रांताशी त्यांचा कायमचा संबंध जडला होता. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथे उत्तम खनिजाचा डोंगर आहे आणि तिथून फार दूर नसलेल्या वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण आहे, असा त्याचा मथितार्थ. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात! कोणाही उद्योजकाला मोह पडावा अशीच ही जोडी होती.

पण लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीला कुठलाही कोळसा चालत नाही. तिला कोक लागतो. हवा लागू न देता कोळसा तापवला की काही जातींचा कोळसा आधी मऊ पडतो, फुगतो आणि मग घट्ट, सच्छिद्र ढेकळात गोठतो. हाच कोक. भट्टीत तो जळून उष्णता देतो आणि त्याच्यापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. शिवाय वर रचलेल्या शेकडो टन मालाचा भार पेलत तो वायूला वाट मोकळी ठेवतो. कोळसा चुरा होणारा असेल तर भट्टी गुदमरते. जमशेदजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले. निकाल प्रतिकूल आला. खाणपट्ट्यांचे सरकारी नियमही जाचक होते. प्रकल्प बासनात गेला, पण संबंधित कात्रणे आणि अहवाल जमशेदजी जमवत राहिले.

भारतातले लोहखनिज जगात नाव घेण्याजोगे, पण कोकसाठीचा कोळसा तुटपुंजा आणि राखेने भरलेला. वरोऱ्याला भेटलेली ही अडचण पुढे कारखान्याच्या पाचवीलाच पुजली. संस्थेच्या इतिहासात भागभांडवल, युद्धे, संप, सरकारी धोरणे हे सगळे येते. पण भट्टीवरच्या माणसाला विचारले तर तो आधी राखेविषयी बोलेल.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने खाणविषयक नियम सैल केले. साठी ओलांडलेल्या जमशेदजींनी जुने कागद पुन्हा काढले. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याला त्यांनी कामाला लावले. पेरिनने सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकाला हिंदुस्थानात पाठवले. वेल्ड, जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी टाटा आणि त्यांचे आप्त शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांतून मुक्काम हलवत पाहणी केली. (हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार म्हणून गाजले.) लोहाऱ्याचे खनिज चांगले होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके सलग नव्हते.

हे अपयश सरकारी अधिकाऱ्याच्या कानावर घालायला दोराबजी नागपूरला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे टांगलेल्या भूशास्त्रीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातला एक भाग गडद रंगवलेला दिसला. लोखंडाची खूण! वेल्ड आणि ते तिकडे गेले, तो डल्ली-राजहराच्या टेकड्या जवळजवळ निव्वळ खनिजाच्या निघाल्या. पण तिथेही जवळपास कोकचा कोळसा नव्हता. हा साठा तेव्हा सोडून द्यावा लागला. अर्ध्या शतकानंतर भिलाईचा सरकारी कारखाना त्याच टेकड्यांच्या भरवशावर उभा राहिला.

१९०४–१९१० : साकची

दुर्गचे लोखंड नकाशावर नोंदणारे प्रमथनाथ बोस भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात काम पाहत होते. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेदजींना पत्र लिहिले : मयूरभंजात गुरुमहिसानीच्या डोंगरात लोखंड आहे आणि झरियाचा कोळसा तिथून आवाक्यात आहे. या पत्राने कारखान्याचा पत्ता बदलला. झरियाच्या कोळशात राख भरपूर, पण त्याचा कोक होतो, हे महत्त्वाचे. पत्राचे फळ पाहायला मात्र जमशेदजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

पुढची धुरा दोराबजी, त्यांचे बंधू रतनजी आणि आप्त आर. डी. टाटा यांनी उचलली. त्यांना पैसा हवा होता आणि लंडनच्या सावकारांना हिंदी पोलादावर विश्वास नव्हता. हिंदुस्थानातल्या रेल्वेचे प्रमुख सर फ्रेडरिक अपकॉट यांनी तर टाटांनी बनवलेला रूळ पौंडापौंडाने खाऊन दाखवण्याची भाषा केली होती. शेवटी टाटांनी मुंबईतच भागविक्री काढली. काळ वंगभंगानंतरच्या स्वदेशीचा. महाराष्ट्रातही याच लाटेवर तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघत होता आणि लवकरच कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसणार होती. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार हिंदी गुंतवणूकदारांनी २ कोटी ३२ लाख रुपये उभे केले. खेळत्या भांडवलासाठी काढलेले ४ लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. संस्थापकांच्या यादीत टाटांची नावे येतात ती योग्यच. पण भाग घेणाऱ्या त्या बिननावाच्या हजारोंना संस्थापक म्हणायला कोणाची हरकत नसावी.

जागेचा शोध संबळपूरजवळच्या पदमपूरपासून सुरू होऊन साकचीला संपला. सुवर्णरेखा आणि खरकाई यांचा संगम, म्हणजे पाण्याची सोय; बंगाल नागपूर रेल्वेचे कालीमाटी स्टेशन जवळ; आणि खनिज व कोळसा यांच्या अधल्यामधल्या अंतरावर. २७ फेब्रुवारी १९०८ रोजी पहिली खुंटी ठोकली गेली. त्या आधी ही भूमी हो, संथाळ, भूमिज यांच्या वस्त्यांची. छोटानागपूरच्या पट्ट्यात असुर आणि आसपासचे इतर लोहार समाज मातीच्या पुरुषभर उंचीच्या भट्ट्यांत, पायाच्या भात्याने वारा घालून, लाकडी कोळशावर शतकानुशतके लोखंड काढत आले होते. कारखान्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचित होतो, म्हणून तो इथे मुद्दाम केला आहे.

१९११–१९२० : पहिली धार

२ डिसेंबर १९११ रोजी पहिली झोतभट्टी पेटली. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला.

भट्टी फोडण्याचे काम पाहण्यासारखे असते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर सतत पडत असतात, खालून तापवलेल्या हवेचा झोत. दर काही तासांनी तळाजवळचे मातीने बुजवलेले तोंड उघडायचे. त्या काळी हे काम पहारी आणि घणाने होई. मातीचा शेवटचा पदर फुटला की आधी ठिणग्यांचा फवारा आणि पाठोपाठ पांढरट पिवळी धार वाळूच्या पन्हाळीतून वाहू लागे. लोखंड जड म्हणून खाली राही, दुधावर साय यावी तशी मळी वर तरंगे आणि पन्हाळीतल्या आडव्या बांधापाशी ती बाजूच्या वाटेला लावली जाई. मग तोंड पुन्हा मातीने बंद. उन्हाळ्यात साकचीचा पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या धारेचे तापमान दीड हजार अंशांच्या घरात असते, एवढे सांगितले तरी त्या माणसांच्या कामाची कल्पना यावी.

सुरुवातीला ही कसबी माणसे परदेशी होती. झोतभट्टीवर अमेरिकन, पोलादाच्या भट्टीवर जर्मन, रोलिंग मिलवर इंग्रज. त्यांच्या हाताखाली पंजाब ते मद्रासपर्यंतचे आणि छत्तीसगड, ओरिसा, बिहारचे हिंदी कामगार. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर जर्मन तज्ज्ञ एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हिंदी कामगारांच्या हाती कसब येण्याचा वेग त्यानंतर वाढला.

याच युद्धाने कारखान्याला उभे केले. मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन, पूर्व आफ्रिका येथल्या आघाड्यांना सुमारे १५०० मैल रूळ साकचीहून गेले. २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड साकचीला आले आणि गावाला जमशेदपूर असे नाव दिले; कालीमाटी स्टेशन टाटानगर झाले. युद्धात रूळ पुरवल्यावर दोराबजी म्हणे असे बोलले की अपकॉटसाहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना अजीर्ण झाले असते.

आठ तासांचा दिवस या कारखान्यात १९१२ पासून होता. ब्रिटनमध्येही तेव्हा तो सर्रास नव्हता. मोफत औषधोपचार १९१५ पासून, भरपगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० पासून. कायद्याने या गोष्टी बंधनकारक व्हायला पुढे अनेक वर्षे लागली. तरीही १९२० मध्ये पहिला मोठा संप झाला, हेही खरे. महागाई वाढली होती आणि पगार मागे पडला होता.

१९२१–१९३० : फॉस्फरस आणि कर्ज

युद्धातच विस्ताराची मोठी योजना आखली गेली होती. उत्पादन लाखभर टनांवरून पाच लाखांच्या घरात न्यायचे. त्यासाठी पोलाद लवकर तयार व्हायला हवे होते आणि इथे फॉस्फरस आडवा आला.

भट्टीतून निघालेल्या कच्च्या लोखंडात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन आणि फॉस्फरस. फॉस्फरस राहिला तर पोलाद थंडीत ठिसूळ होते; रुळासाठी तर ते घातकच. बेसेमर परिवर्तकात हवा फुंकून कार्बन आणि सिलिकॉन वीसेक मिनिटांत जाळता येतात, पण त्याच्या वाळूच्या अस्तरात चुना टाकता येत नाही आणि चुन्यावाचून फॉस्फरस निघत नाही. चुनखडीच्या जातीचे अस्तर असलेला टॉमस परिवर्तक आहे. मात्र तो चालायला लोखंडात दीड-दोन टक्के फॉस्फरस लागतो, कारण त्याच्याच जळण्यातून उष्णता मिळते. जमशेदपूरचे लोखंड नेमके अधल्यामधले. बेसेमरला फॉस्फरस जास्त, टॉमसला फारच कमी! तिसरा उपाय ओपन हार्थ भट्टीचा. तिथे फॉस्फरस निघतो, पण एका घाण्याला आठ-दहा तास.

तोड निघाली ती दोन्हींची सांगड घालून. लोखंड आधी बेसेमरमध्ये फुंकायचे, कार्बन-सिलिकॉन उडवायचे आणि तेच रसरशीत द्रव ओपन हार्थमध्ये ओतून चुन्याने फॉस्फरस काढायचा. याला डुप्लेक्स पद्धत म्हणतात. अमेरिकेत ती चालू होतीच. पण तिची खरी गरज जमशेदपूरला होती आणि पुढची साठ वर्षे ती इथे टिकली.

नवे विभाग सुरू होण्याच्या सुमारास बाजार कोसळला. युद्धानंतर युरोपातले स्वस्त पोलाद हिंदुस्थानच्या बंदरांत येऊन पडू लागले. १९२४ मध्ये पगार द्यायला पैसे उरले नाहीत, अशी वेळ आली. दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटीचे कर्ज काढले. त्यात पत्नी मेहरबाई यांचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा होता, असे सांगतात. त्याच वर्षी टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून संरक्षक जकातीचा कायदा झाला आणि श्वास घ्यायला सवड मिळाली. भागधारकांना पुढची अनेक वर्षे लाभांशाचे तोंड दिसले नाही.

१९२५ मध्ये महात्मा गांधी जमशेदपूरला येऊन गेले. १९२८ चा संप दीर्घ आणि कडवट होता. त्यातून मार्ग निघण्यात सुभाषचंद्र बोस यांचा हात होता आणि काही काळ ते इथल्या कामगार संघटनेचे अध्यक्षही होते. संघटनांतल्या फुटी आणि व्यवस्थापनाशी झालेले खटके यांची कागदपत्रे विपुल आहेत. हा लेख हे त्यांचे स्थान नव्हे.

१९३१–१९४७ : प्रयोगशाळा, पूल, युद्ध

१९३७ मध्ये संशोधन आणि नियंत्रण प्रयोगशाळा सुरू झाली. तोवर पोलादाची पारख बरीचशी डोळ्यांवर होती. भट्टीवरचा मिस्त्री निळ्या काचेतून आत पाही, लांब दांड्याच्या पळीने नमुना काढून साच्यात ओती, थंड झालेला तुकडा घणाने मोडी आणि मोडलेल्या पृष्ठभागाची कणी बघून कार्बन किती उरला ते सांगे. हा अंदाज थक्क करण्याइतका अचूक असे. तरीही पूल आणि चिलखते नजरेच्या अंदाजावर बांधता येत नाहीत. प्रयोगशाळेमुळे हिंदी रसायनज्ञ आणि धातुशास्त्रज्ञांना कारखान्यात हक्काची जागा मिळाली. १९३८ मध्ये जहांगीर गांधी हे पहिले हिंदी जनरल मॅनेजर झाले आणि त्याच वर्षी टाटा उद्योगसमूहाची सूत्रे जे. आर. डी. टाटांकडे आली.

प्रयोगशाळेच्या पहिल्या वर्षांतली मोठी कामगिरी हुगळी नदीवर उभी आहे. हावडा पुलाला लागलेल्या २६,५०० टन पोलादापैकी २३,५०० टन जमशेदपूरचे. त्यासाठी क्रोमियम आणि तांबे घातलेले, जास्त ताण सोसणारे ‘टिस्क्रोम’ तयार केले गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये पूल खुला झाला तेव्हा जपानी विमानांची धास्ती होती, म्हणून समारंभ झालाच नाही.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने चिलखती पत्रे, रेल्वेची चाके आणि आस, हत्यारांसाठीची मिश्र पोलादे बनवली. कोक भट्ट्यांच्या वायूतून निघणारे टोल्युइन स्फोटकांसाठी गेले. चिलखती पत्रे लावलेल्या लष्करी गाड्यांना सैनिक ‘टाटानगर’ म्हणत. अवघ्या तीस वर्षांपूर्वी रूळ जमेल की नाही अशी शंका होती, तिथून हा पल्ला.

१९४८–१९७० : वीस लाख टन

स्वातंत्र्यानंतर पोलादाचे नवे कारखाने सरकारी क्षेत्रात काढायचे ठरले, पण टाटांचा चालू कारखाना तसाच ठेवला गेला. पन्नासच्या दशकाच्या आरंभी पश्चिम बोकारो आणि जामाडोबा येथे कोळसा धुण्याचे कारखाने निघाले. ते देशातले पहिले. हिंदुस्थानी कोळशातली राख वरवरची नसते, ती कणाकणात मिसळलेली. म्हणून कोळसा बारीक करून जड द्रवात टाकायचा : हलका कोळसा तरंगतो, दगडी भाग बुडतो. तरीही बरीच राख उरते आणि जितकी राख जास्त तितका कोक जास्त, चुनखडी जास्त, मळी जास्त.

१९५५ मध्ये अमेरिकेच्या कैसर कंपनीबरोबर करार होऊन वीस लाख टनांचा कार्यक्रम सुरू झाला. जागतिक बँकेचे ७.५ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. १९५६ मध्ये टाटा वर्कर्स युनियनशी झालेल्या करारातून संयुक्त सल्लागार मंडळांची पद्धत आली. विभागापासून कारखान्यापर्यंत कामगारांचे प्रतिनिधी टेबलावर बसू लागले. १९५८ मध्ये विस्तार पुरा झाला आणि सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून ज्युबिली पार्क शहराला मिळाले. १ मार्चला पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले.

पुढची दोन दशके फारशी सांगण्याजोगी नाहीत. पोलादाची किंमत सरकार ठरवी, विस्ताराला परवाना लागे, हाती उरणारा पैसा यंत्रे दुरुस्त करण्यात जाई. १९५९ मध्ये रूरकेल्याच्या सरकारी कारखान्याने ऑक्सिजन फुंकून पोलाद करणारी एल.डी. पद्धत आणली, जमशेदपूर मात्र आपल्या जुन्या ओपन हार्थवरच होते.

१९७१–१९८० : राष्ट्रीयीकरणाची सावली

१९७२ च्या कायद्याने कोकच्या कोळशाच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, पण टाटांच्या स्वतःच्या वापराच्या खाणी वगळल्या. ही सवलत मिळाली नसती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. १९७९ मध्ये उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी कंपनीच्याच राष्ट्रीयीकरणाचा विचार मांडला. त्याला जाहीर विरोध केला तो कामगार संघटनेने! राष्ट्रीयीकरणाची मागणी कामगारांनी करायची आणि मालकांनी नाकारायची, हा त्या काळचा रिवाज. जमशेदपुरात तो उलटा झाला.

१९८१–२००० : वडीचा कोळसा

१९८३ मध्ये एल.डी. शॉप सुरू झाले, म्हणजे रूरकेल्यानंतर चोवीस वर्षांनी. चुनखडीच्या जातीचे अस्तर असलेल्या भांड्यात वरून शुद्ध ऑक्सिजनचा झोत, सोबत चुना, आणि पाऊण तासात १३० टनांचा घाणा तयार. फॉस्फरसही त्यातच निघतो. डुप्लेक्सने साठ वर्षे दोन भांड्यांत केलेले काम आता एकात होऊ लागले. ओपन हार्थ भट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर तळ डागडुजीसाठी डोलोमाइटची फावडी मारणाऱ्या माणसांची पिढीही गेली.

या दशकातले अधिक जमशेदपुरी म्हणावे असे काम कोक विभागात झाले. कोळसा भट्टीत वरून सैल ओतण्याऐवजी आधी बारीक करून, किंचित ओला करून, ठोकळ्यांनी कुटून त्याची भट्टीच्या आकाराची एक उभी घट्ट वडी करायची आणि ती बाजूने आत सरकवायची. याला स्टॅम्प चार्जिंग म्हणतात. कण एकमेकांना दाबून बसल्याने कमी चिकटणाऱ्या कोळशाचाही मजबूत कोक होतो, त्यामुळे महागडा आयात कोळसा कमी लागतो. ही पद्धत युरोपातली. भारतात ती पहिल्यांदा राबवली जमशेदपूरने. वडी आत सरकताना मधेच ढासळली की सगळा खटाटोप वाया. ओलावा किती, दळण किती बारीक, ठोके किती, याचा मेळ बसवण्यात अभियंते, चाचणीघरातले सहायक आणि भट्टीवरचे कामगार यांची वर्षे गेली. नव्वदच्या दशकात झोतभट्टीत कोळशाची पूड थेट फुंकण्याची सोय झाली आणि कोक आणखी वाचला.

३ मार्च १९८९ रोजी संस्थापक दिनाच्या सोहळ्यात मांडवाला आग लागून साठच्या आसपास माणसे गेली. त्यांत कारखान्याच्या कुटुंबांतली मुले-बायकाही होती.

१९९१ नंतर किंमत नियंत्रण गेले, आयात खुली झाली. कंपनीचे प्रमुख रुसी मोदी यांच्यानंतर डॉ. जमशेद इराणी यांच्याकडे सूत्रे आली. ते स्वतः धातुशास्त्रज्ञ आणि मूळचे नागपूरचे, तिथल्या विज्ञान संस्थेत शिकलेले. ‘जी’ झोतभट्टी, दुसरे एल.डी. शॉप आणि पट्टी लाटणारी नवी मिल याच काळातली. नव्वदीच्या सुरुवातीला सुमारे ७८ हजार कर्मचारी होते. स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्यांना उरलेल्या वर्षांसाठी दरमहा रक्कम देऊन ही संख्या हळूहळू खाली आणली गेली. यंत्रांपेक्षा हे काम अवघड होते. बापाच्या जागी मुलगा लागायचा, हे या शहराचे गृहीतच होते.

२००१ पासून : जमशेदपूरबाहेर

२००५ मध्ये कंपनीचे नाव टाटा स्टील झाले. सिंगापूर आणि थायलंडमधल्या खरेदीनंतर २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, अँग्लो-डच कोरस कंपनी १२ अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला घेतली गेली. भांडवलासाठी ज्या लंडनने शंभर वर्षांपूर्वी पाठ फिरवली त्याच लंडनच्या देशाचा पोलाद उद्योग विकत घेतल्याचा आनंद त्या वेळी फार झाला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि त्या सौद्याचे ओझे दीर्घकाळ वाहावे लागले. २००८ मध्ये गुणवत्तेचे जपानी डेमिंग पारितोषिक मिळाले, ते मात्र जमशेदपूरच्या माणसांच्या रोजच्या कामाचे.

दुसरा मोठा कारखाना ओडिशात कलिंगनगरला निघाला. जागेच्या वादात जानेवारी २००६ मध्ये तिथे पोलीस गोळीबार होऊन आदिवासी मारले गेले. उत्पादन सुरू व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली. २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघालेली भूषण स्टील घेतल्यावर तिच्याबरोबर रायगड जिल्ह्यातला खोपोलीचा कारखानाही आला. सप्टेंबर २०२४ मध्ये कलिंगनगरला ५,८७० घनमीटरची झोतभट्टी पेटली. देशातली ही सर्वांत मोठी. त्याच महिन्याच्या अखेरीस वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझवली गेली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी येते आहे.

भारतात एवढे भंगार नाही आणि खनिज आहे, म्हणून इथे झोतभट्ट्या अजून बरीच वर्षे चालतील. पण कोळशाचा प्रश्न आता राखेपुरता उरलेला नाही. एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एप्रिल २०२३ मध्ये जमशेदपूरच्या ‘ई’ भट्टीत कोळशाच्या पुडीऐवजी काही प्रमाणात हायड्रोजन वायू फुंकून पाहिला गेला. खनिजातला ऑक्सिजन हायड्रोजनही ओढतो आणि त्याचे पाणी होते. भट्टीतला भार मात्र तो पेलू शकत नाही, तेवढा कोक लागतोच. लुधियानाला भंगारावर चालणारी विजेची भट्टी २०२३ मध्ये हाती घेण्यात आली आणि रोहतकला भंगार गोळा करून तोडण्याचे केंद्र २०२१ पासून चालू आहे.

खनिजाच्या बाजूलाही एक तारीख ठरलेली आहे. १९२० च्या दशकापासून कारखान्याला लोखंड पुरवणाऱ्या नोआमुंडीसह स्वतःच्या वापराच्या जुन्या खाणींचे पट्टे २०१५ च्या दुरुस्तीनुसार ३१ मार्च २०३० पर्यंतच आहेत. त्यानंतर त्यांचा लिलाव व्हायचा आहे आणि कंपनीला इतरांबरोबर बोली लावावी लागेल.